वादळात कॅमेरा घेऊन



यंदा फोटोंवर बोला, असं कार्यकारिणीनं सांगितलं. मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस. पण या वाटेनं आपल्यासारखाच एक नोकरदार आधी गेलेला आहे. राजा दीनदयाळ रुडकीला शिकून १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात लागले, आणि कॅमेरा हाती घेतला तो नोकरीत असताना. तेव्हा काचेच्या जड प्लेटा वाहून न्याव्या लागत. आपल्याला तक्रारीला जागा नाही.

मे-जूनमध्ये सुटीच्या दुपारी आभाळ भरून आलं की मी एकटाच गाडी काढतो. एकटं कशाला, असं घरचे विचारतात. सोबतचा माणूस पहिल्या थेंबाला ‘चला’ म्हणतो, आणि चित्र तर तेव्हाच जमायला लागतं!

इंदूर रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर असीरगड. गडावरून सगळं खोरं दिसतं, पण विजा चमकत असताना वर जायचं नाही, झाडाखालीही थांबायचं नाही. वीज दिसली की आकडे मोजा. तीन सेकंदांनी गडगडलं तर वीज साधारण एका किलोमीटरवर आहे. तिसाच्या आत आवाज आला की मी गाडीत बसून काचा लावून घेतो. मग फोटो काचेतूनच. ओघळांमुळे गड थोडा विरघळल्यासारखा दिसतो. मला ते आवडतं.

खरी वेळ पाऊस ओसरताना येते. ढग पूर्वेला सरकतात, पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, गडाचा कडा पिवळा उजळतो आणि मागं काळंभोर आभाळ. हा उजेड फार टिकत नाही. कॅमेऱ्याचं माप उजळलेल्या कड्यावर घ्यायचं, आभाळावर नाही. नाहीतर काळं आभाळ राखाडी होतं आणि कडा पांढराफटक.

मागच्या भिंतीवरचा मोठा फोटो त्याच उजेडातला. सगळे त्याचं कौतुक करताहेत, बरं वाटतं. पण त्याच्या शेजारचा लहान फोटो बघा. त्याच वादळानं आडवी केलेली केळीची बाग. घड भरलेले, कापणी तोंडावर, आणि खोडं मधूनच मोडलेली. परतताना बांधावर उभे असलेले एक काका म्हणाले, “भाऊ, आभाळाचा काढला, आता खालचाही काढा.” मी कोपऱ्यातली विहीर आणि बांधावरचा निंब धरून चारही बाजूंनी बाग टिपली, म्हणजे शेत कुणाचं हे ओळखू यावं. पंचनाम्याला दाखवायला त्यांनी त्याच प्रती मागून नेल्या.

प्रदर्शनात लहान फोटो नको, सणात मन खिन्न होतं, असं काहींचं म्हणणं होतं. या सभागृहात बसलेल्या निम्म्या घरांचा केळीशी संबंध आहे. मी दोन्ही एकाच खिळ्यांच्या ओळीत लावले आहेत. चहा घेताना जवळून बघा. लहान फोटोत डावीकडे, मोडलेल्या खोडांच्या वर, तोच गड दिसतो.