ओताऱ्याचा धंदा



आपल्या चऱ्होलीच्या शेजारी, भोसरीत, लोखंड ओतणाऱ्या लहान फौंड्र्या आहेत. तो धंदा करण्याची माझी छाती होणार नाही. म्हणूनच त्याविषयी मला फार आदर वाटतो.

ओतीव लोखंड निवताना १०० भागांत सुमारे १ भाग आकसते. सबब फर्मा तेवढा मोठा करावा लागतो. वाळूच्या साच्यात ओल फाजील राहिली, तर तिची वाफ होऊन रसात पोकळी धरते. ती वरून दिसत नाही. गिऱ्हाइकाच्या लेथवर नग कापला जातो तेव्हा ती उघडी पडते, आणि माल परत येतो. लोखंड पुन्हा वितळवता येते. खर्ची पडलेली वीज व मजुरी मात्र परत येत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची जोखीम पत्करणे, हेच या धंद्याचे मोठेपण होय.

तथापि नुसत्या स्तुतीने कोणाची मजुरी भागत नाही. नोंदणीकृत लहान कारखानदाराचे पैसे, माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्या हाती मोठ्या कारखान्यांची खरेदी व हिशेब आहेत, त्यांनी आपला आदर वेळेवर पैसे देऊन दाखवावा, एवढीच माझी नम्र विनंती आहे.