पाण्याखालचे पाहुणे



उन्हाळ्याच्या सुटीत कोठे जावे, या प्रश्नाची पुणेकरांची उत्तरे पूर्वी ठरलेली असत : महाबळेश्वर, पाचगणी, नाहीतर कोकणातले आजोळ. अलीकडे त्यांत एकाची भर पडली आहे. मालवणास जावयाचे, सिंधुदुर्ग पाहावयाचा, आणि किल्ल्याजवळच्या समुद्रात पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारावयाची. या बुडीला सगळेजण 'स्कूबा' म्हणतात. आम्हीही तेच नाव वापरतो. हा विषय निव्वळ मौजेचा आहे, असे कोणास वाटेल. पण त्यात स्वतःच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि ज्याच्या घरी आपण जातो त्या समुद्राचाही आहे. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बव्हंशी एकच आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

माणूस समुद्रात फार पूर्वीपासून बुड्या मारीत आला आहे. मन्नारच्या आखातातले मोती काढणारे पाणबुडे एका श्वासावर तळ गाठीत. पाठीवरच्या टाकीतून हवी तेव्हा, हवी तितकीच हवा देणारे सुटसुटीत यंत्र मात्र १९४३ साली फ्रान्समध्ये तयार झाले. नौदलातले जाक कूस्तो आणि इंजिनियर एमिल गान्याँ या दोघांचे ते काम. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती, म्हणून गान्याँने मोटारी गॅसवर चालविण्यासाठी एक झडप बनविली होती. तीच सुधारून पाण्याखाली नेली. श्वास ओढला की झडप उघडते, सोडला की मिटते, आणि भोवतालच्या पाण्याचा दाब असेल त्याच दाबाची हवा तोंडात येते.

या दाबातच सारी मेख आहे. समुद्रात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो, आणि दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. बॉइलचा हा नियम आपण शाळेत घोकलेला असतो; पाण्याखाली तो अंगावर येतो. खाली जाताना प्रथम कान दुखू लागतो, कारण कानाच्या पडद्याआडची हवा आकसते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घातली की ती भरून निघते. मात्र पडसे झालेल्याची ही वाट बंद असते, म्हणून पडसे असताना बुडी मारू नये. दम्याचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज पाण्यात उतरू नये.

वर येताना याच्या उलट घडते. दहा मीटरांवर छातीभर घेतलेला श्वास कोंडून कोणी पृष्ठभागाशी आला, तर ती हवा दुप्पट होऊ पाहते, आणि फुप्फुस काही रबराचा फुगा नव्हे. खोल पाण्यात भय आणि उथळात अभय, अशी आपली समजूत असते. हवेचा हिशेब निराळा आहे. तीस मीटरांवरून वीसवर येताना ती तिसऱ्या हिश्शानेच वाढते. शेवटच्या दहा मीटरांत मात्र दुप्पट होते. दोन मीटरांवरून श्वास रोखून वर आल्यानेही इजा होऊ शकते. म्हणून पहिला नियम असा की श्वास कधीही रोखावयाचा नाही, आणि वर यावयाचे ते सावकाश.

दुसरे संकट नायट्रोजनचे. दाबाखाली श्वास घेतला की तो रक्तात आणि अंगात विरघळतो. माणूस झटकन वर आला की, सोड्याची बाटली फोडल्यावर उसळावेत तसे त्याचे बुडबुडे अंगात होतात. सांधे ठणकतात, प्रसंगी लकवाही होतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ साली यावरची पहिली भरवशाची कोष्टके प्रसिद्ध केली. पुणेकरांना यात विशेष लक्ष घालावयास हवे, कारण मालवणहून परतताना आपल्याला घाट चढावा लागतो. आंबोली घ्या, फोंडा घ्या की गगनबावडा घ्या, वर हवा विरळ होते आणि दाब आणखी उतरतो. विमानप्रवासाबाबत जाणत्यांचा सल्ला असा की एका बुडीनंतर बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावे. तीनशे मीटरांवर चढावयाचे असेल तरीही सावध राहावे. नवशिक्याच्या साताठ मीटरांच्या, वीस मिनिटांच्या बुडीत नायट्रोजन थोडाच मुरतो, हे खरे. तरी बुडी सहलीच्या पहिल्या दिवशी ठेवावी, निघण्याच्या दिवशी नव्हे. यात पैसाही जास्त पडत नाही.

आता ज्याच्या घरी आपण जातो त्याच्याकडे वळू. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. त्या बेटाभोवतीच्या खडकांवर प्रवाळांची वस्ती आहे. १९८७ साली तेथला २९ चौरस किलोमीटरांचा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडे अंगठीत बसवून मिळते ते लाल पोवळे निराळे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातले. मालवणची प्रवाळे म्हणजे चुन्याचे गोळे बांधून राहणारे बारीक जीव. दिसतात दगडासारखे, पण वरचा पातळ थर जिवंत असतो. हा गोळा वर्षाला फार तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वाढतो. घागरीएवढा व्हावयास निदान पंधरा-वीस वर्षे जातात. मोडावयास एक लाथ पुरते.

या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असते. त्यांचे बरेचसे अन्न आणि रंग त्याच्यामुळेच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरे पडते, आणि ताप न ओसरल्यास मरते. जगभर १९९८ साली आणि त्यानंतर वारंवार असे झाले आहे. समुद्राचा हा ताप एकट्या मालवणने उतरावयाचा नाही. पण आजाऱ्यावर हात तरी उगारू नये. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली मालवणवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हौशी बुड्यांमुळे तेथल्या प्रवाळांची मोडतोड होत असल्याची नोंद त्यात आहे. होडीचा नांगर खडकावर पडतो, पाय आपटतो, आणि छायाचित्रासाठी प्रवाळ मुठीत धरले जाते. वन्यजीव कायद्याने या प्रवाळाला वाघाच्या पंक्तीस बसविले आहे. वाघाला हात लावण्याचे धाडस कोणी करीत नाही. प्रवाळ बिचारे चावत नाही.

दोष सारा होडीवाल्यांवर टाकणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. अभयारण्य झाले तेव्हा उपजीविका बुडेल या धास्तीने मच्छीमारांनी विरोध केला होता. ती धास्ती खोटी नव्हती. आज त्याच किनाऱ्यावरची कित्येक मुले बुडीच्या धंद्यावर पोट भरतात. मात्र धंदा गिऱ्हाईक मागेल तसा चालतो. आपण स्वस्त आणि झटपट मागितले, तर शिकवणी पाच मिनिटांत उरकली जाईल. आपण मुठीत प्रवाळ घेतलेले छायाचित्र मागितले, तर तेही मिळेल.

म्हणून पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. बरोबर येणाऱ्या पाणबुड्याला परवाना आहे काय? तो एका वेळी किती जणांना सांभाळतो? उथळ पाण्यात आधी सराव करून घेणार काय? होडी नांगर टाकते, की कायमच्या बोयाला बांधते? ज्याला मनापासून शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी पर्यटन महामंडळाची संस्था तारकर्लीस आहे. श्वास संथ ठेवावयास शिकलेला माणूस पाण्यात तरंगत राहतो; तो घाबरत नाही, कशाला धरत नाही, कोठे आपटत नाही. त्याचा जीवही वाचतो आणि प्रवाळाचाही.

सुटीत आपण मालवणास अवश्य जावे, मुलांनाही न्यावे. पण हे चार प्रश्न बरोबर न्यावेत, एवढीच विनंती.