गोळी किती वाजता, पाय किती वाजता



पार्किन्सन्स म्हटलं की थरथरणारा हात आठवतो. आज मी त्या कंपाबद्दल बोलणार नाही. काही वर्षं औषध घेतल्यावर बऱ्याच जणांना निराळ्याच हालचाली सुरू होतात. मान वेळावते, खांदे उचकतात, धड डोलत राहतं. डॉक्टर याला डिस्कायनेशिया म्हणतात. घरी आलेले पाहुणे मात्र विचारतात, "यांना एका जागी बसवत नाही का?" तेव्हा माझा जीव तुटतो. त्या माणसाला बसायचंच असतं हो!

मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून लेवोडोपाची गोळी देतात. १९६९ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तिचा गुण दाखवून दिला, आणि या नको असलेल्या हालचालींची नोंदही तेव्हाच केली. आजार वाढतो तशी मेंदूची डोपामिन साठवून ठेवण्याची ताकद जाते, मग प्रत्येक गोळीचा चढउतार अंगावर दिसू लागतो.

बहुतेकांना हा त्रास गोळीचा असर ऐन भरात असताना होतो. थोड्या जणांचं मात्र उलटं असतं. असर चढताना पाय झाडले जातात, खुर्चीत बसल्या बसल्या टाचा फरशीवर आपटतात. मग काही वेळ माणूस छान चालतो, आपल्या हातानं जेवतो. असर उतरू लागला की पाय पुन्हा सुरू. घरच्यांना वाटतं, औषध जास्त झालं, आणि ते गोळी अर्धी करतात. इथे नेमका घोळ होतो! असर पुरता चढतच नाही, आणि पाय जास्तच वेळ झाडले जातात.

पहाटे पायाचा अंगठा वर ओढला जातो, बाकीची बोटं आत वळतात, पोटरीत गोळा येतो, तेही बहुधा रात्रीचं औषध उतरल्यामुळे.

म्हणून वहीत लिहा: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, हालचाल कधी सुरू झाली, कधी थांबली. मोबाइलवर मिनिटभर चित्रण करा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. औषध आपल्या मनानं एकदम बंद करू नका. त्यानं कडक ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. डोसांच्या वेळा बदलणं, अमॅन्टाडिन नावाचं औषध, काहींसाठी मेंदूतल्या इलेक्ट्रोडची शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत. त्यातला कोणता तुमच्या माणसाला लागू पडेल, हे ठरवताना डॉक्टर आधी ती वही मागतील.