पिवळं पान काय सांगतं? अंगणातल्या डेलियाची भूक ओळखताना

(मंडळाच्या श्रावणातील महिला मेळाव्यात जांबोटी येथे दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



चिटणीसांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘डेलिया’ म्हटलं, आणि पलीकडे क्षणभर शांतता झाली. त्यांना वाटलं असावं, बाई निवृत्त शिक्षिका आहेत, संस्कारांवर बोलतील. पण आपल्यापैकी बहुतेकींच्या सासरी किंवा माहेरी, तुळशीवृंदावनाच्या आसपास डेलियाचं एक तरी ठोंब होतं. गौरी यायच्या वेळी त्याला फूल असणं ही घरची प्रतिष्ठा होती. आता तक्रार एकच ऐकू येते, ‘पूर्वीसारखी फुलं येत नाहीत, पानं पिवळी पडतात.’ त्या पिवळ्या पानाबद्दलच बोलायचं आहे.

हे झाड मूळचं मेक्सिकोतल्या डोंगराळ भागातलं. स्पेनमध्ये माद्रिदच्या वनस्पती उद्यानात ते गेलं आणि 1791 मध्ये आंद्रेस दाल या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्याला नाव मिळालं. त्याचं आपण डेलिया केलं. खाली शिरसी-सागरकडे कानडी बायका त्याला ‘डेरे’ म्हणतात आणि आपल्यासारख्याच पावसाळ्यात अंगणात जपतात. थंड हवा आणि पाणी न साचणारा उतार या झाडाला लागतो. घाटमाथा म्हणूनच त्याला मानवला.

आता माझी चूक सांगते. सासूबाईंकडे पांढऱ्या पाकळ्यांना गुलाबी कड असलेला एक डेलिया होता. त्या गेल्यानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात त्याची खालची पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. माझी मावसबहीण निपाणीची, तिचा बगीचा नावाजलेला. तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, “ताई, शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी. आमच्याकडं हेच होतंय. हिराकस घाल.” मी घातला. काही फरक नाही. मग कुणी म्हणालं युरिया द्या, तोही मुठीनं दिला. झाड असं माजलं की येणारे-जाणारे थांबून बघायचे, पण गौरी आल्या आणि गेल्या, कळी नाही. दिवाळीनंतर कंद काढले तर हातात मऊ लागले. माघापर्यंत सगळे कुजले. सासूबाईंची एवढी एक जिवंत आठवण माझ्या हातून गेली, आणि घरात कुणाला सांगायचा मला धीर झाला नाही.

बहिणीचा सल्ला खोटा नव्हता. तो निपाणीच्या मातीचा होता, आणि पानाचं वर्णन मी अर्धंच सांगितलं होतं.

निपाणीकडची तंबाखूची रानं काळी, चुनखडीची. त्या मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही, म्हणून तिथे कोवळी पानं पिवळी पडतात. आपल्याकडे उलट. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडचा हा पट्टा जांभ्या दगडाचा. माती तांबडी, म्हणजे लोह भरपूर, आणि आंबट, म्हणजे तिचा सामू कमी. त्यात मलप्रभेच्या उगमाकडचा हा पाऊस. तो नत्र, पालाश, मॅग्नेशियम, चुना आणि बोरॉन धुऊन नेतो. स्फुरद राहतो, पण तांबडी माती तो घट्ट धरून ठेवते, सोडत नाही. म्हणून निपाणीचं औषध जांबोटीला आणि जांबोटीचं निपाणीला लागू पडेलच असं नाही.

पुढे एका निवृत्त कृषी सहायकांनी मला एकच प्रश्न शिकवला, “बाई, पिवळेपणा जुन्या पानावर सुरू झाला की नव्या?” सगळी मेख त्यात आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाला एका जागेवरून दुसरीकडे नेता येतात. कमी पडले की झाड म्हाताऱ्या पानांतून काढून पोरांना देतं. म्हणून खूण खालच्या पानांवर दिसते. लोह, चुना, बोरॉन हे एकदा बसले की हलत नाहीत. ते कमी पडले की शेंड्याची कोवळी पानं बोलतात. माझ्या झाडाची खालची पानं पिवळी होती. म्हणजे ते लोह नव्हतंच, मॅग्नेशियम होतं.

पण खताचा डबा उघडण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, पाणी. मुळांशी चिखल साचला असेल तर मुळं गुदमरतात आणि मातीत सगळं असूनही झाड उपाशी राहतं. आधी चर काढा, वाफा वीतभर उंच करा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

दुसरी, पान उलटून बघा. बारीक पांढुरके ठिपके आणि मागे जाळी असेल तर तो लाल कोळी आहे, खताचा प्रश्न नाही. पावसाची उघडीप पडून ऊन तापलं की तो वाढतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पिवळेपणा शिरांच्या मध्ये आहे की शिरांच्या कडेनं? मध्ये असेल तर बहुधा भूक. मधल्या शिरेला लागून फिकट पट्टे असतील, पान आखडलेलं आणि झाड खुजं असेल तर तो मोझॅक विषाणू. त्याला औषध नाही. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि कंदातूनही तो पुढच्या वर्षी येतो. असं झाड कितीही लाडकं असलं तरी कंदासकट उपटून जाळा. त्याचा कंद कुणाला देऊ नका.

हे तिन्ही नाही म्हटलं की मग भूक. आधी जुन्या पानांची.

खालची पानं सरसकट फिकी होऊन पिवळी, काड्या बारीक, झाड हडकुळं, तर नत्र कमी. भुईमुगाची पेंड मूठभर घेऊन तीन-चार दिवस पाण्यात भिजवा, निवळीत दहापट पाणी घालून आठवड्याला तांब्याभर द्या. घाई असेल तर लिटरला पाच ग्रॅम युरिया फवारा. कळी दिसली की नत्र बंद. जास्त नत्रानं पानं माजतात, फुलाचा दांडा लुळा पडतो आणि कंद टिकत नाही. माझं तेच झालं होतं.

खालच्या पानांची कड आधी पिवळी, मग करपल्यासारखी तपकिरी, तर पालाश कमी. डेलियाला पालाश भरपूर लागतो, कारण कंद त्यावर पोसतो. चुलीची राख इथे सोनं आहे. महिन्याला एक मूठ, खोडापासून वीतभर लांब, मातीत मिसळून. पण राखेचा ढीग पावसात उघडा राहिला तर त्यातला पालाश पहिल्याच सरींत वाहून जातो, तेव्हा ती डब्यात कोरडी ठेवा. चूल नसलेल्यांनी दुकानात ‘शून्य-शून्य-पन्नास’ मागावं, लिटरला पाच ग्रॅम.

खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तर मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाच ग्रॅम, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारा. इथे एक गंमत आहे. पालाश फार झाला की मुळं मॅग्नेशियम कमी घेतात. ‘राख चांगली’ म्हणून टोपलीनं ओतणाऱ्यांच्या झाडांवर हीच खूण दिसते.

पानं गडद, निस्तेज हिरवी, मागून जांभळट, झाड वाढतच नाही आणि फूल उशिरा, तर स्फुरद कमी. आंबट मातीत हाडांचं खत किंवा रॉक फॉस्फेट लागवडीच्या वेळी खड्ड्यात शेणखतात मिसळून द्यावं. काळ्या मातीत मात्र रॉक फॉस्फेट विरघळत नाही, पैसे वाया जातात. काही जातींची पानं मुळातच जांभळी असतात, त्यांच्या मागे औषध घेऊन लागू नका.

आता शेंड्याची पानं. कोवळं पान फिकट पिवळं, जवळजवळ पांढरं, शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह. जांबोटीत हे दिसलं तर आधी मुळांशी पाणी साचलंय का, किंवा चुना-राख जास्त झाली का ते बघा. काळ्या मातीतल्या किंवा जड बोअरच्या पाण्यावरच्या मंडळींनी हिराकस लिटरला अडीच ग्रॅम आणि त्यात एक ग्रॅम निंबूसत्व घालून फवारावं. शेंडा ठिसूळ होऊन मरतो, कळी वाकडी-तिकडी उमलते, तर बोरॉन. बोरिक ॲसिड लिटरला एक ग्रॅम, महिन्यात एकदाच, आणि काट्यावर मोजून. बोरॉनची कमतरता आणि बोरॉनचं विष यांत अंतर फार थोडं असतं.

फवारणी पावसाच्या उघडिपीत, सकाळी किंवा संध्याकाळी करा. एका वेळी एकच औषध द्या, म्हणजे कशानं गुण आला ते कळेल. आणि करपलेलं पान पुन्हा हिरवं होण्याची वाट बघू नका. दहा-पंधरा दिवसांनी आलेलं नवं पान निकाल सांगतं.

पण दर वर्षी फवारणी म्हणजे रोज सलाईन लावण्यासारखं झालं. खरा उपाय मातीत आहे. आपल्या आंबट मातीला लागवडीआधी तीन-चार आठवडे डोलोमाइट चुना द्या, चौरस मीटरला साधारण शंभर ग्रॅम. त्यातून चुना आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळतं. शेणखत आणि चुना एकाच दिवशी मिसळू नका, शेणखतातला नत्र हवेत उडून जातो. मे महिन्यात माती तपासून घ्या. अंगणात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे करून माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो पिशवीत भरा. रयत संपर्क केंद्रात चौकशी केली की पुढचं कळतं. सामू सहा ते सातच्या मध्ये असला की डेलिया खूश.

मृगाच्या आधी कंद लावा. लावताना कंदाला खोडाचा तुकडा आणि त्यावर डोळा आहे ना ते बघा, नाहीतर तो फुटणार नाही. हातभर वाढला की शेंडा खुडा, आधाराला काठी द्या. फुलं संपून पाला वाळला की कंद काढा, सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत ठेवा.

शेवटी सासूबाईंच्या डेलियाचं सांगते. चार वर्षांनी शेजारच्या वाडीतल्या एका आजींकडे हळदीकुंकवाला गेले होते. गोठ्याच्या कडेला तोच पांढरा, गुलाबी कडेचा डेलिया उभा. मी बघतच राहिले. आजी म्हणाल्या, “तुझ्या सासूनंच दिलेला की गं. मी काय घालत नाही त्याला, नुसतं शेणाचं पाणी आणि राख.” आणि मग मला म्हणाल्या, “तुझा कुठं गेला?”

मी त्यांना खरं सांगितलं. पहिल्यांदाच. त्यांनी कंद काढायच्या वेळी मला बोलावून दोन कंद दिले. त्यातला एक मी लावला आणि दुसरा निपाणीच्या बहिणीला दिला, या वेळी तिच्या मातीच्या सूचनांसकट. यंदा माझ्या झाडाला चार कळ्या आहेत. खालची दोन पानं जराशी पिवळी आहेत, मी शिरा बघितल्यात, काळजी नाही.

तुमच्याकडे घरची म्हणून जी जात असेल, तिचा एक कंद यंदा दुसऱ्या घरी द्या. खतानं सगळं वाचत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

गौरीला ये म्हणायला आता थोडे दिवस राहिले. घरी गेल्यावर आधी खालचं पान उलटून बघा.