बिल्ला आणि खराटा

डिसेंबर १९३६ मध्यें पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. पंडित नेहरू अध्यक्ष होते. नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या गांवठी साहित्यांतून टिळकनगर सजविलें होतें. परंतु जेथें हजारों माणसें उतरतात, तेथें मैलाही सांचतो. तो उपसण्याचें काम अप्पासाहेब पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पत्करलें. पिढ्यानुपिढ्या विशिष्ट जातींवर लादलेलें काम त्यांनीं स्वेच्छेनें उचललें, हीच त्या सेवेची थोरवी. आजही धुळें-जळगांवांत उत्सवांचे मांडव पडतात. छातीवर बिल्ला लावावयास पुष्कळ पुढें येतात. मांडव रिकामा झाल्यावर हातीं खराटा घेऊन कोण थांबतो, हें श्रोत्यांनीं आपल्या घरापासूनच पाहावें.