सर्व्हर बंद झाल्यावर



टीव्हीला जोडायच्या गेमिंग कन्सोलवर दूरच्या माणसाशी खेळणे आता नेहमीचे झाले आहे. अमेरिकेत २००२ च्या सुमारास ही सोय रुजू लागली, तेव्हा तीन कंपन्यांनी तीन वेगळे मार्ग धरले होते.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केले. वर्षाला सुमारे पन्नास डॉलर भरायचे. त्या बदल्यात खेळाडूला एकच नाव मिळे आणि ते सगळ्या खेळांत चाले. मित्र आत्ता काय खेळतोय ते दिसे, हेडसेटवरून त्याच्याशी बोलताही येई. सोनीने त्याच वर्षी प्लेस्टेशन टूसाठी नेटवर्क अडॅप्टर विकायला काढला. वर्गणी नव्हती, पण सर्व्हरची जबाबदारी बहुतेक ज्या त्या खेळाच्या प्रकाशकावर होती. साहजिकच प्रत्येक खेळात पुन्हा नोंदणी आणि मित्रांचा पुन्हा शोध. निन्टेन्डोच्या गेमक्यूबलाही अडॅप्टर मिळे, पण इंटरनेटवर खेळण्याजोगे त्यावर फारच थोडे होते.

सोयीच्या बाबतीत एक्सबॉक्स लाइव्ह सरस होते, यात मला शंका नाही. पुढे २०१३ मध्ये प्लेस्टेशन फोरसाठी सोनीने आणि २०१८ मध्ये स्विचसाठी निन्टेन्डोनेही वर्गणीचाच रस्ता धरला.

पण ही वर्गणी नेमकी कशाची? ‘हेलो टू’ हा २००४ चा गाजलेला खेळ घ्या. त्यातला सामना मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालत नसे. खेळणाऱ्यांपैकीच एकाचा कन्सोल यजमान होई आणि बाकीचे त्याला जोडले जात. कंपनीचे सर्व्हर प्रतिस्पर्धी शोधून देत, नावे आणि गुण सांभाळत. ते कामही मोलाचेच, पण खेळाचा खरा भार खेळाडूच्या घरातले यंत्र आणि त्याचे स्वतःचे इंटरनेट वाहत होते.

मायक्रोसॉफ्टने १५ एप्रिल २०१० रोजी जुन्या एक्सबॉक्ससाठीची ही सेवा बंद केली. तेव्हा काही खेळाडूंनी आपले कन्सोल बंदच केले नाहीत. आधीपासून जोडलेले असल्यामुळे त्यांचे सामने मे महिन्यापर्यंत चालू राहिले. एकेक यंत्र बंद पडत गेले, जोडणी तुटत गेली. ज्याची जोडणी तुटली त्याला परतीची वाट नव्हती. त्यांच्या त्या चिवटपणाचे मला आजही कौतुक वाटते.

सगळे व्यवहार एकाच दारातून होऊ लागले की ते दार बंद पडल्यावर सारेच अडते. सोनीनेही पुढे सगळ्या खेळांसाठी एकच जाळे उभारले होते. एप्रिल २०११ मध्ये त्यात घुसखोरी झाली, तेव्हा सुमारे ७ कोटी ७० लाख खाती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ ठप्प राहिली.

आता इंटरनेटवर सर्वांत मागे राहिलेल्या त्या गेमक्यूबकडे पाहा. २००३ च्या ‘मारिओ कार्ट : डबल डॅश’ या शर्यतीच्या खेळात आठ कन्सोल केबलने जोडून सोळा जणांना एकत्र खेळता येते. त्याला कोणाचा सर्व्हर लागत नाही. यंत्रे आणि अडॅप्टर शाबूत असतील तर ती शर्यत आजही लागते.

ज्या खेळासाठी लोक पैसे मोजतात, त्याचे सर्व्हर किमान किती वर्षे चालतील हे कंपनीने विक्रीच्या वेळीच लिहून दिले पाहिजे. मुलांसाठी कन्सोल घ्यायला जाणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, वर्गणी भरण्याआधी दुकानदाराला जरूर विचारा : इंटरनेट नसताना हा खेळ दोघांना मिळून खेळता येतो का?