सांधेदुखीच्या गोळ्या आणि घरची काळजी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नाही. अठ्ठावीस वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काम केले, तेवढीच माझी शिदोरी. समितीने गुडघेदुखीवर बोला म्हटले. खरेच आहे, वंदनेला खाली बसणाऱ्यांपेक्षा मागच्या खुर्च्याच आता जास्त भरतात! पण मी दुखण्यावर नाही, त्याच्या गोळ्यांवर बोलणार आहे.

आधी माझ्या घरचे सांगते. 2016 साली सासूबाईंना आमवात निघाला. बोटे सुजायची, सकाळी मूठ वळत नसे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिले. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. पाकिटावर तसे लिहिलेही होते, पण इंग्रजीत. मी रात्रपाळीला. सासूबाईंनी बीपीच्या गोळीबरोबर रोज एक, अशा आठ दिवस घेतल्या. नवव्या दिवशी तोंड आतून सोलवटले, पाणी गिळवेना, अंगात ताप. मला वाटले, उष्णता झाली असेल. नर्स असून मला असे वाटले! रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी फारच उतरलेल्या. लगेच दाखल केले, फोलिनिक ॲसिडची इंजेक्शने दिली. बारा दिवसांनी त्या घरी आल्या. वाचल्या. पण दुसऱ्यांच्या आयांना रोज समजावणारी मी, घरच्या म्हातारीला एक वाक्य सांगायला चुकले.

पुढे डॉक्टरांनी कमी मात्रेत तेच औषध पुन्हा सुरू केले. आता आमच्या घरी त्याचा वार ठरलेला आहे, रविवार. त्या दिवशी विहारात यायचे असते, म्हणून विसर पडत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी नेमून दिलेल्या दुसऱ्या वारी. रक्ताची, लिव्हरची, किडनीची तपासणी ठरल्या मुदतीत करायचीच. हे औषध गर्भाला अपाय करते, तेव्हा लेकी-सुनांनी डॉक्टरांना आधी बोलून दाखवावे, लाजू नये. आणि याच्यावर दारू चालत नाही, हे मागे बसलेल्या मंडळींनीही ऐकावे.

हाडे ठिसूळ झालेल्या बायांना ॲलेन्ड्रोनेट देतात. तीही बहुतेक आठवड्याला एकच. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. चहाबरोबर घेतली तर अंगी लागतच नाही. कॅल्शियम त्याच वेळी नको, नंतर जेवणाबरोबर. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवा.

आता डायक्लोफिनॅक. गुडघा दुखला की मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या, ही आपली सवय. जनावरांना दिलेल्या याच औषधाने, मेलेली जनावरे खाणाऱ्या गिधाडांच्या किडन्या निकामी होऊन त्यांचे थवेच्या थवे संपले. म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाड नाही, मान्य! पण महिनोन्महिने रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या तर पोटात अल्सर होतो, बीपी वाढते, किडनीवरही ताण येतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर घरी थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

तीच गत वातावरच्या बिननावाच्या पुड्यांची. काहींत स्टेरॉईड मिसळलेले असते. दोन दिवसांत आजी चालायला लागते, भूक वाढते, मग चेहरा सुजतो, साखर वाढते. बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

मी आज पिशवीत जाड स्केचपेन आणला आहे. ज्यांच्या घरी आठवड्याची गोळी चालू आहे त्यांनी भोजनदानानंतर पट्टी घेऊन माझ्याकडे या. डॉक्टरांचा कागदही आणा. त्यावर बघून मी तुम्हाला मराठीत वार लिहून देते.

जयभीम!